तिसऱ्या पायरीची ओल

माझ्या लग्नाच्या फोटोत सगळ्यांच्या बाह्या कोरड्या आहेत, फक्त माझ्या दादाच्या कोपरापर्यंत भिजलेल्या. फोटोवाला सगळ्यांना गोळा करत होता तेव्हा हा हॉलच्या न्हाणीघरात गळका नळ दुरुस्त करत बसला होता. कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही. "थेंबांचा आवाज येत होता गं, मला दुसरं काही ऐकूच येईना," असं त्याने वर मलाच सुनावलं. एकुलत्या एका बहिणीचं लग्न, आणि याला ऐकू काय येतंय, तर नळ.

दादा आमच्या गावच्या संग्रहालयाचा प्लंबर. तिथे सगळे त्याला 'वायसर' म्हणतात, कारण त्याच्या कुठल्याही खिशात हात घातला तर निदान दोन वायसर निघतात. मीही तिथेच नोकरीला आहे, सात नंबरच्या दालनात पहाऱ्यावर. पहारा म्हणजे बंदूकबिंदूक काही नाही. एक लाकडी खुर्ची, एक शिट्टी आणि "हात लावू नका" हे वाक्य. एकोणीस वर्षांत ते इतक्या वेळा म्हटलंय की घरी मुलाने माझ्या मोबाइलकडे हात नेला तरी तोंडातून तेच निघतं.

सात नंबरच्या दालनात सगळ्या पाण्याच्या वस्तू आहेत. तांब्याच्या घागरी, एक दगडी नळतोंड, पेला हातात धरलेल्या एका श्रीमंत गृहस्थाचं तैलचित्र, आणि समोरची भिंत भरून टाकणारं एक मोठं चित्र: नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्या, खाली बांधलेली होडी, कपडे पिळणाऱ्या दोघीजणी आणि भरलेली घागर डोक्यावर घेऊन वर येणारी तिसरी. हे चित्र कापडावर पातळ रंगात काढलंय, त्यावर काच नाही. माझी खुर्ची बरोबर त्याच्या खाली. आता पहारा माणसांवर ठेवायचा असतो, चित्र काही पळून जात नाही. त्यामुळे एकोणीस वर्षं मी त्या चित्राकडे पाठ करून बसले. हे नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

दादा सहावीत असताना आमचे वडील गेले. त्यानंतर त्याची शाळा सुटली ती सुटलीच. मामाचं पाइप-फिटिंगचं काम होतं, त्याच्या हाताखाली दादा लागला. माझी फी भरली ती त्याने, माझी वह्यांची कव्हरं घातली ती त्याने, आणि माझ्या प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून सही केली तीही त्यानेच, वयाच्या पंधराव्या वर्षी. शाळेबद्दल तो कधी काही बोलला नाही. पण शाळेवरून जाताना त्याची चाल मंद व्हायची. मला वाटायचं, तिथल्या टाकीचा आवाज ऐकतोय. मूर्ख होते मी.

संग्रहालयात त्याचं काम म्हणजे तळघरातला पंप, गच्चीवरच्या टाक्या, सहा न्हाणीघरं आणि भिंतींच्या पोटातले पाइप. महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो सगळ्या भिंतींवर तळवा ठेवत इमारतभर फिरतो. ओल डोळ्यांना दिसण्याआधी तळव्याला कळते, असं त्याचं म्हणणं. फक्त चित्र असेल तिथे तळवा उचलायचा, कारण देखभालीच्या माणसाने कलाकृतीला हात लावायचा नाही. तसा कडक नियमच आहे, आणि तो पाळला जातो की नाही ते बघायला खुर्चीवर मीच बसलेली असते. एकदा त्याचं बोट चौकटीला निसटतं लागलं तेव्हा मी सख्ख्या भावावर शिट्टी फुंकली होती.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. शाळेची एक सहल आली होती. मुलांना दालनं दाखवणाऱ्या आमच्या एक बाई आहेत, स्वभावाने फार गोड, पण बोलतात सगळं कागदावरून. त्या "या चित्रातील छायाप्रकाशाची मांडणी" म्हणायला लागल्या की मुलं एकमेकांच्या बुटांच्या नाड्या बांधायला लागतात. त्या दिवशीही तेच चाललं होतं. तेवढ्यात एका मुलाने विचारलं, "बाई, ही घागर किती जड असेल?" बाईंनी कागद उलटला. कागदाच्या मागेही काही नव्हतं.

"बारा लिटरची आहे. म्हणजे बारा किलो, वर घागरीचं वजन वेगळं," मागून आवाज आला. दादा दारात उभा होता, हातात पाना, खांद्यावर पिशवी. "आणि चढायच्या आहेत एकोणीस पायऱ्या. मी मोजल्यात. तिची मान बघा कशी ताठ आहे ती."

सगळी मुलं मान बघायला लागली. दादा पुढे म्हणाला, "बागेतल्या नळापासून आपल्या दारापर्यंत एकवीस पायऱ्या आहेत. कुणाला बघायचंय?"

बाई "अहो, अहो" करेपर्यंत वर्ग बागेत पोहोचला होता. दोन बादल्या अर्ध्या-अर्ध्या भरून प्रत्येकाने वर आणल्या. निम्मं पाणी पायऱ्यांवर, पाव बुटांत आणि उरलेलं माझ्या दालनाच्या दारात सांडलं. फरशी पुसायला कोण? मी. मी दादाला काय काय बोलले ते लिहीत नाही. पण मुलं परत येऊन चित्रासमोर उभी राहिली तेव्हा कुणी कुणाच्या नाड्या बांधत नव्हतं. एका मुलीने आपली मान चोळली आणि म्हणाली, "हिला रोज दुखत असेल." मग तिने दादाला हाक मारली, "सर, ती दिवसातून किती वेळा आणते?"

दादाने वळून मागे पाहिलं. त्याला वाटलं, कोणीतरी सर आलेत.

त्या रात्री जेवताना त्याने वहिनीला ही गोष्ट तीनदा सांगितली. वहिनी मला फोनवर म्हणाली, "अहो वन्सं, तुमच्या भावाला कुणीतरी सर म्हणालं. जेवण थांबवून बसलेत. भाजी गार झाली."

शाळेने पत्र पाठवलं की त्याच वर्गाला दर बुधवारी यायचंय, आणि 'पाण्याचे सर'च हवेत. पत्र गेलं संचालकबाईंकडे. संचालकबाई हुशार, वेळेच्या पक्क्या, आणि त्यांचा विश्वास एकाच गोष्टीवर: पाटीवर. प्रत्येक चित्राखाली जी छोटी पाटी असते तिचा शब्दन्‌शब्द त्या स्वतः तपासतात. त्यांनी दादाला बोलावून सांगितलं, "दहा बुधवार देते. दहाव्या बुधवारी मी स्वतः येऊन बघेन आणि मग पुढचं ठरवेन. अट एकच. पाटीवर नाही ते बोलायचं नाही. संग्रहालयात मनाचं सांगता येत नाही."

दादा खाली मान घालून परत आला. त्याच्या डोक्यातलं तर सगळं पाटीबाहेरचं होतं. तिसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीपाशी आला आणि म्हणाला, "बाईंनी सांगायला बंदी केलीय. विचारायला कुठे केलीय?"

असा त्याचा वर्ग सुरू झाला. सांगणं काहीच नाही, नुसतं विचारणं. प्रत्येक वस्तूपुढे तेच तीन प्रश्न: पाणी आलं कुठून? चाललंय कुठे? आणि मधे कुणाच्या हातातून गेलं? श्रीमंत गृहस्थाच्या चित्रापुढे त्याने विचारलं, "हा पेला कुणी भरला?" मुलं म्हणाली, त्यानेच. "त्याच्या बाह्या बघा. इस्त्रीची घडी मोडलेली नाही. यानं भरला?" मग मुलं शोधायला लागली आणि चित्राच्या अगदी मागे, अंधाऱ्या दारात, सुरई घेतलेला एक हात सापडला. नुसता हात. एकोणीस वर्षांत मी तो पाहिला नव्हता. मी खुर्चीवरून उठून बघून आले, आणि कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून शिट्टी पुसत बसले.

मुलंही प्रश्न घेऊन घरी जायला लागली. एकाने घरातल्या सगळ्या नळांमागचा पाइप शोधता शोधता शेजाऱ्यांच्या माळ्यावर धडक मारली. एका मुलीच्या आईची चिठ्ठी आली, की मुलगी दात घासताना नळ बंद करते हे ठीक, पण आजोबांचा नळही जाऊन बंद करते, आजोबा साबण लावून उभे असतात. दादाने ती चिठ्ठी पाकिटात घालून ठेवली. वहिनी दर मंगळवारी त्याचा शर्ट इस्त्री करायला लागली. "सरांचा शर्ट," असं चिडवायची, पण कॉलर दोनदा करायची.

वर्गाची शेवटची दहा मिनिटं चित्रकला. आणि चित्र दर वेळी एकच: नदीच्या पायऱ्या, खालचा डावा कोपरा. "एकदा बघून पाणी कळत नाही," दादा म्हणायचा. त्या चित्राची पाटी अशी होती: 'नदीच्या पायऱ्या, पाणी ओसरल्यानंतर.' खालच्या पायऱ्यांचे दगड चित्रकाराने गडद रंगवलेत, नुकते भिजलेले. दादा विचारायचा, "पाणी कुठपर्यंत चढलं होतं? पायऱ्या मोजा, तारीख घाला, मग काढा." मुलं जमिनीवर पालथी पडून, जिभा बाहेर काढून काढायची.

पाचव्या बुधवारी एक गंमत झाली. वर्गात एक चष्मेवाली मुलगी होती, भारी चिकित्सक. तिने ओल तिसऱ्या पायरीपर्यंत काढली. दादा म्हणाला, "दोनच पायऱ्या ओल्या आहेत की. नीट बघ." ती म्हणाली, "सर, तीन आहेत. तुम्ही नीट बघा." दादाने वाकून पाहिलं, बोटांवर मोजलं, आणि खरंच तीन. "माझीच मोजणी चुकली," त्याने सगळ्या वर्गासमोर कबूल केलं. घरी जाताना तो मला म्हणाला, "काय चित्रकार असेल गं तो! जितकं बघावं तितकी पायरी जास्त ओली वाटते. कला कला म्हणतात ती हीच."

मी म्हटलं, "हो, असेल बाबा." मी काय, पाठ करून बसणारी.

नवव्या आणि दहाव्या बुधवारच्या मधला मंगळवार. दुसऱ्या दिवशी संचालकबाई वर्ग बघायला येणार होत्या. दादाने सकाळी दाढी करताना गाल कापून घेतला होता, इतका तो घाबरला होता. दालनाबाहेरच्या फलकावर नऊ बुधवारांची नऊ चित्रं, प्रत्येक आठवड्यातलं एक, तारखेप्रमाणे लावायची असं आम्ही ठरवलं. मी टाचण्या देत होते, तो लावत होता. पहिलं, दुसरं, तिसरं. सहाव्यानंतर त्याचा हात पुढे आला नाही.

"टाचणी घे की," मी म्हटलं.

त्याने फलकाकडे बोट दाखवलं. पहिल्या तीन चित्रांत ओल दुसऱ्या पायरीपर्यंत. चौथ्यात तिसरीला लागलेली. पाचव्यात, सहाव्यात पूर्ण तिसरी. त्याने माझ्या हातातली उरलेली तीन ओढून घेतली. नवव्या चित्रात पाचवी पायरी भिजायला आली होती.

"पोरांनी अंदाजे काढलं असेल," मी म्हटलं.

"माझी पोरं अंदाजे काढत नाहीत," तो म्हणाला आणि दालनात धावला. मी मागे. चित्राला हात लावायचा नाही म्हणून तो चौकटीच्या शेजारी, अगदी कडेला, भिंतीवर तळवा ठेवून उभा राहिला. तसाच राहिला. मग हळूच तळवा माझ्या गालाला लावला. गार होता, ओला होता.

नदी चढत नव्हती. भिंत गळत होती. चित्राच्या मागून कापड ओल पीत होतं, आणि जन्मभर दुसऱ्यांच्या घरातली गळती नुसत्या आवाजावरून ओळखणारा माझा भाऊ तिच्यासमोर उभा राहून, 'काय कला आहे,' असं म्हणत होता. आणि त्याच चित्राखाली दिवसाचे आठ तास, खुर्चीत ताठ बसून, मी पहारा देत होते.

त्याने आधी काय केलं, तर जिना चढून वर गेला आणि कॉक बंद केला. खाली येऊन म्हणाला, "वरून येणारी लाइन आहे. संचालकबाईंच्या चहाच्या खोलीतल्या बेसिनची. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी टाकलेली. तो सांधा माझ्याच हातचा आहे."

आता मी काय म्हणाले ते सांगते, लपवत नाही. मी इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हटलं, "दादा, ते कागद काढून टाक. बाकीचे पेटीत आहेत, तेही घरी ने. गळती आज दिसली, आजच सांगितली, एवढंच म्हणायचं. तुझा वर्गही राहील. कोण बघतंय?"

मला खरंच तसं वाटत होतं. नऊ आठवड्यांत त्याचा चेहरा किती उजळला होता ते मी पाहिलं होतं. त्याला पुन्हा शाळेवरून मंद चालत जाताना बघायची माझी तयारी नव्हती.

तो रागावला नाही. फक्त म्हणाला, "तारखा त्यांनीच घातल्यात गं, मी सांगितलं म्हणून." आणि फलकावरची चित्रं काढून, पेटीतला गठ्ठा काखेत मारून तो जिना चढायला लागला. मीही गेले. शिव्या घालत गेले, पण गेले.

संचालकबाईंनी सगळं ऐकून घेतलं. चित्रं टेबलावर ओळीने मांडून पाहिली. मग चष्मा काढला.

"म्हणजे तुम्ही प्लंबर. आणि भिंतीतली गळती सहा आठवडे मुलांना कला म्हणून दाखवत होता."

"हो बाई."

"उद्याचा वर्ग रद्द. पुढचेही."

दादा म्हणाला, "वर्गाचं राहू द्या बाई. आधी चित्र उतरवायला माणसं बोलवा. आणि तुमच्या चहाच्या खोलीत आता पाणी येणार नाही, थर्मास मागवून घ्या."

संध्याकाळपर्यंत चित्र उतरलं. चित्रांची दुरुस्ती करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांना आम्ही चित्रडॉक्टर म्हणतो. त्या पांढरे हातमोजे घालून आल्या आणि चित्र त्यांच्या खोलीत आडवं झोपवलं. मी घरी जाऊन मुलावर विनाकारण ओरडले.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता बस येऊन उभी. दालनं दाखवणाऱ्या आमच्या बाईंनी शाळेला फोन केला होता, पण बस निघाल्यावर. तीस मुलं दालनात घुसली आणि थबकली. भिंत रिकामी. भिंतीला टेबलाएवढं भोक पाडलेलं, आणि भोकातून माझ्या भावाचे दोन पाय बाहेर.

"सर," चष्मेवाली म्हणाली, "नदी कुठे गेली?"

पाय आत-बाहेर झाले आणि दादा निघाला, डोक्यापासून पायापर्यंत चुन्याने माखलेला. वहिनीने इस्त्री केलेला शर्ट अंगात होता, वर्ग रद्द झाल्याचं माहीत असूनही घातलेला. त्याच वेळी दारात संचालकबाई आणि चित्रडॉक्टर आल्या. दादाने त्यांच्याकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं. पाटी तर भिंतीवर उरलीच नव्हती.

"आज वर्ग नाही," तो म्हणाला. "पण तुम्हाला एक चुकीचं शिकवलंय, तेवढं दुरुस्त करतो. तिसऱ्या पायरीपासून वरची ओल नदीची नव्हती. भिंत गळत होती. तुम्ही बरोबर मोजत होतात. मीच चुकत होतो."

मागून एक बारीक आवाज आला, "मग पाणी आलं कुठून?"

सवयच लागली होती त्यांना. दादाने भोकाकडे बोट केलं. एकेक मूल आत डोकं घालून वर बघायला लागलं. "वरून येतंय!" "पाइप आहे!" "वर कुणाकडे जातो?"

दादाने संचालकबाईंकडे पाहिलं. संचालकबाईंनी घसा साफ केला. "माझ्याकडे. माझ्या चहाच्या खोलीत."

तीस चेहरे त्यांच्याकडे वळले. अशा नजरेने त्या श्रीमंत गृहस्थाकडेसुद्धा कुणी पाहिलं नव्हतं. "म्हणजे नदी तुमच्या चहामुळे भिजली?" एकाने विचारलं. बाईंनी नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि म्हणाल्या, "तसंच म्हणावं लागेल."

"आणि मधे कुणाच्या हातातून गेलं?" हा शेवटचा प्रश्न चष्मेवालीचा.

दादाने खिशातून तो जुना सांधा काढला. हिरवा पडलेला, एका बाजूला केसाएवढी चीर. "माझ्या," तो म्हणाला. "मीच बांधला होता हा. संध्याकाळची वेळ होती, घरी जायची घाई होती. टेपचे दोन वेढे कमी दिले आणि पाना नको तितका आवळला." त्याने सांधा तिच्या हातात दिला. तो हातोहात सगळ्या वर्गातून फिरला. प्रत्येकाने चिरेवरून नख फिरवलं, आणि कुणीही हसलं नाही.

"पण सर, तुम्हाला कळतं ना सगळं? मग हे कसं नाही कळलं?"

"मला ते चित्र फार आवडायचं गं," दादा म्हणाला. "आवडीच्या माणसात कुठे खोट दिसते? तुम्ही मोजलंत म्हणून दिसलं." मी खुर्चीवर होते आणि मला भडभडून आलं. शिट्टी तोंडात धरून ठेवली, नाहीतर हुंदका ऐकू गेला असता.

तोपर्यंत चित्रडॉक्टर पुढे आल्या होत्या. त्यांना वेगळीच चिंता होती. चित्रकाराची स्वतःची ओल कुठे संपते हे कळल्याशिवाय त्यांना कोपऱ्याला हात लावता येत नव्हता, आणि संग्रहालयाच्या जुन्या फोटोत नेमका तोच कोपरा चौकटीच्या सावलीत होता. त्यांनी विचारलं, "पहिल्या बुधवारची सगळी चित्रं आहेत का? एक नको, तीसही हवीत."

होती. संचालकबाईंच्याच टेबलावर होती. तीसच्या तीस चित्रांत ओल दुसऱ्या पायरीच्या कडेला थांबलेली. एकाने होडीला मोटारीची चाकं काढली होती, पण ओल दुसऱ्या पायरीवरच. चित्रडॉक्टरांनी तो गठ्ठा घेऊन जाताना पावती लिहून दिली. पावतीवर वर्गातल्या प्रत्येक मुलाचं नाव होतं.

दुसऱ्या दिवशी दादाला लेखी कागद मिळाला. वर्ग दर बुधवारी चालू ठेवावा. महिन्याच्या पहिल्या सोमवारी चित्रांमागच्या भिंतीही तपासाव्यात, चित्रडॉक्टरांसमक्ष. खाली संचालकबाईंची सही. दादाने कागद वाचला आणि म्हणाला, "'समक्ष' म्हणजे शिट्टी वाजणार नाही ना?"

चित्र चार महिन्यांनी परत आलं. चौथी-पाचवी पायरी कोरडी झाली, पण तिसरीवर एक पुसट डाग राहिला तो राहिलाच. अजून घासलं तर रंग जाईल, असं चित्रडॉक्टर म्हणाल्या. लोकांना कळणारही नाही, चित्राचाच भाग वाटेल. हे ऐकून दादा थेट वरच्या मजल्यावर गेला. "बाई, पाटीवर नाही ते बोलायचं नाही, असा तुमचा नियम आहे. मला हे मुलांना खरं सांगायचंय. मग पाटीवर पाहिजे." बाईंनी पेनाचं टोपण काढलं. मजकूर त्यांचाच, एक शब्द दादाचा नाही.

त्या बुधवारी मुलं आली. मी खुर्ची आडवी फिरवून ठेवली होती, एक डोळा माणसांवर, एक चित्रावर. चष्मेवालीने पाटीजवळ जाऊन मोठ्याने वाचलं:

'नदीच्या पायऱ्या, पाणी ओसरल्यानंतर. खालच्या दोन पायऱ्यांवरची ओल चित्रकाराची. तिसऱ्या पायरीवरची आमच्या हातून झालेली.'

तिने वळून विचारलं, "आमच्या म्हणजे कुणाच्या?"

दादाने वर्गातल्या मुलासारखा हात वर केला. दारात संचालकबाई उभ्या होत्या, त्यांनी जरा इकडेतिकडे बघितलं आणि चहाचा कप दुसऱ्या हातात घेऊन हात वर केला. मग मुलं माझ्याकडे बघायला लागली. मला तर कुणी विचारलंही नव्हतं.

मी शिट्टी मांडीवर ठेवली आणि हात वर केला.